नावाची वहिवाट

पुण्याच्या कॅम्प भागात १९९२ पासून ‘बर्गर किंग’ नावाचं एक खाद्यगृह आहे. याच नावाची अमेरिकन कंपनी १९५४ पासून बर्गर विकते; भारतातलं तिचं पहिलं दुकान मात्र दिल्लीत उघडलं, तेही नोव्हेंबर २०१४ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधीच, २०११ साली, कंपनीने पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला होता. नाव आमचं आहे, ते वापरणं थांबवा आणि वीस लाख रुपये भरपाई द्या, अशी तिची मागणी होती. दावा चालू असताना बराच काळ नाव वापरायला तात्पुरती मनाई होती. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला आणि ‘पुण्याने अमेरिकेला हरवलं’ अशा थाटात बातमी गाजली. गाजायलाही हवी होती, कारण अशा लढतीत धाकट्या बाजूचा विजय सहसा बघायला मिळत नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या खाद्यगृहाला पुन्हा मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. म्हणजे दावा लागल्यापासून जवळजवळ चौदा वर्षांनंतरही पाटीवर काय लिहायचं, हा प्रश्न कोर्टातच होता.

या बातमीतल्या दोन गोष्टींकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. जिल्हा न्यायालयाने कंपनीला भरपाई दिली नाही, कारण नुकसान झाल्याचा पुरावा नव्हता. पण खाद्यगृहाच्या मालकांनीही त्रासापोटी भरपाई मागितली होती, आणि तीही नाकारली गेली, कारण तोंडी सांगण्यापलीकडे त्यांच्याकडेही पुरावा नव्हता. दुसरी गोष्ट उच्च न्यायालयातली. तिथे दोन्ही बाजूंना गेल्या दहा वर्षांचे व्यवहाराचे आणि कराचे कागद अपील संपेपर्यंत सांभाळून ठेवायला सांगितलं गेलं. छोट्या धंद्याच्या नावावरून होणाऱ्या भांडणाचं मर्म या दोन तपशिलांत आहे. कायदा छोट्या माणसाच्या विरुद्ध आहे, हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. आपल्याकडचा कायदा नाव आधी वापरणाऱ्याला बरंच झुकतं माप देतो. अडचण अशी की ‘आधी वापरणारा’ म्हणजे ‘आधी वापरलं हे तारखेनिशी दाखवू शकणारा’. नोटीस येते त्या दिवशी भांडण सुरू झालं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते बिलबुकांच्या गठ्ठ्यात आधीच अर्धंअधिक जिंकलेलं किंवा हरलेलं असतं.

कायद्याची रचना आधी समजून घ्यावी लागते. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा असून तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. या कायद्यात नावाच्या रक्षणाचे दोन रस्ते आहेत. एक नोंदणीचा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीत नाव नोंदवलं की त्या प्रकारच्या मालासाठी ते वापरण्याचा हक्क देशभर मिळतो आणि कुणी तेच किंवा फसगत होण्याइतपत सारखं नाव वापरलं तर नोंदणीच्या बळावर दावा लावता येतो. दुसरा रस्ता नोंदणी नसलेल्यांचा. त्याला वकील मंडळी ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. म्हणजे आपला माल दुसऱ्याचा आहे असं भासवून खपवणं. इथे प्रमाणपत्र लागत नाही, पण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: माझ्या नावाला लौकिक आहे, समोरच्याच्या नावामुळे गिऱ्हाइकाची फसगत होते, आणि त्यातून माझं नुकसान होतं किंवा होणार आहे. शेतजमिनीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे चटकन कळेल. सातबाऱ्यावर नाव असणं ही मोठी गोष्ट, पण जमीन कोण कसतं आहे, वहिवाट कुणाची आहे, हा प्रश्न त्याने संपत नाही. नावाचंही तसंच आहे. रजिस्ट्रीतली नोंद एकीकडे, बाजारातली वहिवाट दुसरीकडे.

या दोन्हींची टक्कर झाली तर काय होतं, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एका हलवायाच्या खटल्यात दिलं आहे. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा ‘इरुट्टुकडै हलवा’ ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली प्रसिद्ध मिठाई. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने याच नावाच्या आधी गावाचं नाव जोडून ‘तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा’ या नावाने धंदा सुरू केला आणि ते नावही नोंदवून घेतलं. दोघांकडे प्रमाणपत्र! आता कोण कुणाला थांबवणार? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन नोंदणीधारक एकमेकांवर नोंदणीच्या आधारे दावा लावू शकत नाहीत, पण पासिंग ऑफचा रस्ता खुला असतो. तिथे आधी वापर सुरू करणाऱ्याचा हक्क नंतर आलेल्याच्या नोंदणीपेक्षा वरचढ ठरतो. नोंदणी नवा हक्क निर्माण करत नाही. जो हक्क वापरातून आधीच तयार झालेला असतो त्याला ती मान्यता देते, ही त्यामागची भूमिका. छोट्या दुकानदाराच्या बाजूने याहून ठणठणीत विधान सापडणं कठीण आहे.

मग पुण्याच्या खाद्यगृहाचा मार्ग सरळ का नाही? कारण कायद्यातलं कलम ३४ नीट वाचावं लागतं. आधीच्या वापरकर्त्याला नोंदणीधारकापासून संरक्षण देणारं हे कलम एक अट घालतं: तुमचा वापर नोंदणीधारकाच्या वापराच्या आणि त्याच्या नोंदणीच्या, अशा दोन्ही तारखांपेक्षा जुना आणि अखंड हवा. कंपनीने भारतात दुकान २०१४ मध्ये उघडलं असलं तरी इथल्या तिच्या नोंदणीचा इतिहास १९७९ पर्यंत मागे जातो. १९९२ हे साल २०१४ च्या आधीचं, पण १९७९ च्या नंतरचं. सामान्य माणसाला यात अन्याय वाटेल: जे नाव पस्तीस वर्षं इथे कुणी बाजारात आणलंच नाही ते नुसतं नोंदवून अडवून कसं ठेवता येतं? प्रश्न रास्त आहे आणि कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. नोंदणीनंतर सलग पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरलंच नाही, तर ती नोंद रद्द करा असा अर्ज कलम ४७ खाली करता येतो. पण तो करावा लागतो, वेळेत करावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या नावाआधी रजिस्ट्रीत कोण बसलं आहे हे ठाऊक असावं लागतं. जुन्या नोंदी आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. १९९२ मध्ये पाटी रंगवणाऱ्याला ती सोय नव्हती. आज पाटी रंगवणाऱ्याला मात्र ही सबब सांगता येणार नाही.

परदेशी कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो टाकाऊ नाही. आमचं नाव जगभर माहीत आहे, भारतात दुकान नसलं तरी प्रवास, मासिकं, सिनेमे यांतून इथल्या लोकांपर्यंत ते पोचलं आहे, मग इथल्या कुणी ते उचलावं का? १९९६ च्या ‘व्हर्लपूल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं मान्य केलं. त्या अमेरिकन कंपनीची भारतातली नोंदणी १९७७ मध्ये नूतनीकरणाअभावी संपली होती आणि पुढे इथल्या व्यापाऱ्यांनी ते नाव स्वतःसाठी मागितलं होतं. तरी कंपनी जिंकली, कारण भारतात येणाऱ्या नियतकालिकांतल्या जाहिराती आणि इथे झालेली थोडीफार विक्री तिने दाखवली. एकवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ‘प्रियस’ या नावावरून टोयोटा हरली. जपानमध्ये ही मोटार १९९७ मध्ये आली होती आणि दिल्लीच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या फर्मने २००१ मध्ये ते नाव घेतलं. पण २००१ मध्ये भारतातल्या गिऱ्हाइकाला ‘प्रियस’ म्हणजे टोयोटा हे माहीत होतं, याचा पुरेसा पुरावा टोयोटा देऊ शकली नाही. जगभरचा लौकिक इथे पोचला होता का, हे त्या वेळच्या इथल्या कागदांनीच ठरतं, असा याचा अर्थ. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर परदेशी-देशी, मोठा-छोटा हा फरक मागे पडतो. व्हर्लपूलकडे नोंदणी नव्हती आणि पुरावा होता. टोयोटाकडे जगभरचं नाव होतं आणि पुरावा कमी पडला.

यावर कुणी विचारेल, वापरच श्रेष्ठ असेल तर नोंदणी कशाला करायची? याचं उत्तर हिशेबाचं आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या दर वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी फी पडते, इतरांना ९,०००. नोंद दहा वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. माल आणि सेवा मिळून पंचेचाळीस वर्ग आहेत: खाद्यगृह त्रेचाळीसमध्ये, मसाले आणि मिठाई तिसात. मुंबईच्या कार्यालयाकडे महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज जातात. प्रमाणपत्र हाती असलं की हक्क दाखवण्यासाठी लौकिकाचा पुरावा गोळा करत बसावं लागत नाही; नोंद चुकीची आहे हे समोरच्याने दाखवायचं असतं. शिवाय पासिंग ऑफमध्ये तुमचा लौकिक जिथवर पसरला असेल तिथवरच तुमचं बळ. साताऱ्यात गाजलेल्या नावाला नागपुरात लौकिक सिद्ध करताना घाम फुटतो. नोंदणीला जिल्ह्याची हद्द नसते. म्हणून वापर श्रेष्ठ असला तरी तो सिद्ध करण्याचा खर्च, वेळ आणि धाकधूक नोंदणीपेक्षा कितीतरी पट जास्त आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण छोटे व्यावसायिक सर्वांत जास्त फसतात ते यातच. दुकानाचा गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, अन्न परवाना, इतकंच काय कंपनी म्हणून झालेली नोंदणी, यांपैकी कशानेही नावाची मालकी मिळत नाही. ही सगळी खाती आपापल्या कामापुरतं नाव लिहून घेतात. ते नाव बाजारात दुसऱ्या कुणाचं आहे का, याच्याशी त्यांना जवळपास देणंघेणं नसतं. कंपनी निबंधकाने मंजूर केलेलं नावसुद्धा नोंदणीकृत ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं निघालं तर, मालकाने तीन वर्षांच्या आत अर्ज केल्यास, बदलायला लावता येतं. पण हेच कागद पुरावा म्हणून मात्र सोन्यासारखे असतात. गुमास्त्यावर तारीख असते, सरकारी शिक्का असतो, नाव असतं. वीजबिल, नगरपालिकेचा पाटीकर, स्थानिक वृत्तपत्रात दिवाळीला दिलेली जाहिरात, छापखान्याचं पाकिटांचं बिल, पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार, असल्या क्षुल्लक कागदांतून अखंड वापराची साखळी उभी राहते. ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा. मधली सहा वर्षं कोरी असतील तर समोरचा वकील त्या फटीत बोट घालतो. जुनी बिलं रद्दीत घालणं ही आपल्याकडची दिवाळीची चाल आहे, आणि ती काही घराण्यांना फार महागात पडली असणार.

आता फसगतीच्या प्रश्नाकडे. ‘आमचं दुकान दुसऱ्या भागात आहे, मग त्रास कसला?’ असं प्रतिवादी हमखास म्हणतो. अहमदाबादच्या ‘मुक्ताजीवन कलर लॅब’ प्रकरणात हे म्हणणं तपासलं गेलं. १९८२ पासून या नावाने फोटोचा धंदा चालवणाऱ्याने त्याच शहरात काही किलोमीटरवर ‘मुक्ताजीवन’ हेच नाव घेऊन उतरणाऱ्या दुसऱ्या स्टुडिओविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयांनी तात्पुरती मनाई नाकारली. डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दिली आणि म्हटलं की अशा प्रकरणात गिऱ्हाईक वळण्याची शक्यता दिसली तरी पुरे. नुकसान होईपर्यंत वाट बघायला लावणं म्हणजे लौकिक धुपून जाऊ देणं. याउलट माल वेगळा असेल तर सारखं नावही एकत्र नांदू शकतं. कर्नाटकाच्या सहकारी दूध महासंघाचं ‘नंदिनी’ हे नाव १९८५ पासूनचं, आणि ‘नंदिनी डिलक्स’ ही उपाहारगृहं १९८९ पासूनची. महासंघाने नोंदणीला हरकत घेतली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहाच्या बाजूने कौल दिला, मात्र दूध आणि दुग्धजन्य पदार्थ नोंदणीतून वगळून. किती सारखं म्हणजे फार सारखं, याची कसोटीही जुनी आहे. १९६२ च्या ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ खटल्यापासून न्यायालयं विचार करतात तो दोन पाट्या शेजारी ठेवून बारकाईने बघणाऱ्या माणसाचा नाही. एक नाव अर्धवट आठवत दुकानात शिरणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाचा. महाराष्ट्रात याला एक वेगळं वळण आहे. इथे पाटी देवनागरीत लावणं बंधनकारक आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये अक्षर फिरवून ‘वेगळं’ केलेलं नाव देवनागरीत आलं की हुबेहूब सारखं दिसतं. इंग्रजीत सी ऐवजी के लिहिण्याची हुशारी मराठी पाटीवर उरतच नाही.

आडनावाच्या बाबतीत तर भावना आणखी टोकदार असतात. माझं आडनाव मी लावणारच, हे म्हणणं कायद्यालाही काही प्रमाणात मान्य आहे: स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ३५ आडोसा देतं. पण ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर सगळं अडतं. शेजारच्या गाजलेल्या दुकानाची अक्षरवळणं, तोच रंग, तसाच डबा घेऊन आडनाव लावलं तर आडनाव खरं असूनही हेतू खोटा ठरतो. देवादिकांच्या नावांची स्थिती याच्या उलट आहे. तिथे कुणाचीच मक्तेदारी चालत नाही. उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव नोंदवू पाहणाऱ्याला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मग्रंथाचं नुसतं नाव एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही. ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘गावरान’, ‘कोल्हापुरी’ असे मालाचं वर्णन करणारे किंवा गाव सांगणारे शब्दही कच्चेच. ते पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाला कळतात, म्हणून दुकानदाराला आवडतात, आणि नेमके त्याच कारणाने एकट्याला मिळत नाहीत. कौटुंबिक वाटणीत तर नावाचा उल्लेखच राहून जातो. हल्दीरामच्या घराण्यात १९७० च्या दशकात भागीदारी मोडताना कोणत्या शाखेने नाव कुठल्या प्रदेशात वापरायचं हे लिहिलं गेलं होतं, आणि तरीही पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीपत्रात गाळा, ओटा, भट्टी, उधारीची वही असं सगळं असतं. नाव तेवढं गृहीत धरलेलं असतं.

समजा नोटीस आलीच. दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात: घाबरून आठवड्यात पाटी उतरवायची, नाहीतर ‘बघू काय करतात ते’ म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकायचा. दोन्ही घातक. नोटीस हा निकाल नव्हे. ते समोरच्याच्या वकिलाचं म्हणणं असतं, आणि पोकळ धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम १४२ खाली आपणच दावा लावू शकतो. मात्र नोटीस दुर्लक्षिली तर समोरचा न्यायालयात जाऊन तुमचं म्हणणं न ऐकताच एकतर्फी मनाईहुकूम मागू शकतो. ऐन सणात न्यायालयाने नेमलेला आयुक्त माल सील करायला येऊ शकतो. ते टाळण्यासाठी संबंधित न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येतं, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका अशी आगाऊ विनंती; ती नव्वद दिवस चालते. दरम्यान समोरच्याची नोंद कोणत्या वर्गात आहे, ती चालू आहे की संपली आहे, त्याने अर्जात वापराची कोणती तारीख लिहिली आहे, हे तपासायचं आणि मग आपल्या तारखा देऊन उत्तर पाठवायचं. रजिस्ट्रीकडून हरकतीची नोटीस आली असेल तर आणखी घाई. उत्तरासाठी दोन महिनेच असतात, आणि ते चुकलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. कितीतरी चांगले अर्ज या एका कारणाने मेलेले असतात, समोरच्याच्या बाजूत काहीच दम नसताना.

कायद्याचं हे सगळं खरं असलं तरी शेवटी पैसेवालाच टिकतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चौदा वर्षं वकिलाची फी भरणं मिसळवाल्याच्या आवाक्यात नाही. आता असे दावे वाणिज्य न्यायालयात चालतात आणि तातडीचा आदेश मागितला नसेल तर आधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. पण नावाच्या भांडणात तातडी बहुतेक वेळा मागितलीच जाते, त्यामुळे ती पायरी ओलांडली जाते. म्हणूनच जिंकण्याइतकाच तडजोडीचा विचार आधीपासून करावा, असं माझं मत आहे. यात कमीपणा नाही. ‘अमृतधारा’ खटल्यातही आवाजातलं साम्य मान्य करूनसुद्धा दुसऱ्या औषधाला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ते तिथे वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे विकलं जात होतं आणि पहिल्याने गप्प राहून ते चालू दिलं होतं. दिल्लीत ‘सरदारबक्ष’ कॉफीवाल्यांनी २०१८ मध्ये स्टारबक्सच्या दाव्यानंतर नावात बदल करून धंदा चालू ठेवला; नवं नावही गिऱ्हाइकाच्या ओळखीचंच राहिलं. तडजोड करायची तर ती तोंडी नको. कोण कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या मालासाठी, कोणत्या अक्षरांत नाव वापरणार. घरपोच मागणी घेणाऱ्या ॲपवर आणि इंटरनेटवर काय लिहिणार, कारण तिथे जिल्ह्याची वेस राहत नाही. जुनी पाकिटं संपवायला किती महिने. आणि उद्या धंदा विकला किंवा मुलाकडे गेला तर हे बंधन कुणावर, इतकं कागदावर हवं. ताकदीची बाजू मांडता येते तीही इथेच. ज्याच्याकडे जुनी बिलं नीट लावलेली आहेत त्याला समोरचा मोठा वकीलसुद्धा पहिल्या बैठकीत वेगळ्या सुरात बोलतो.

उरतो एक चलाख आक्षेप: वापराच्या तारखेला एवढं महत्त्व दिलं तर लबाड लोक जुन्या तारखेची बिलं छापून आणतील. आणतातही. पण कागद स्वतःच चुगली करतो. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला, त्यामुळे २०१२ च्या तारखेच्या बिलावर जीएसटी क्रमांक दिसला की उलटतपासणी तिथेच संपते. म्हणूनच एका प्रकारच्या कागदावर विसंबू नये. बिल, बँकेचं खातं, कराची विवरणपत्रं आणि तिऱ्हाइताकडचा एखादा कागद एकमेकांना पुष्टी देणारे असावेत. लबाडापेक्षा जास्त नुकसान मात्र निष्काळजी माणूस स्वतःचं करतो, आणि तेही नोंदणीच्या अर्जातच. नाव कधीपासून वापरता, असा एक रकाना त्यात असतो. जुनी तारीख लिहायची तर शपथपत्र आणि सोबत पुरावे जोडावे लागतात; ‘पुढे वापरण्याचा विचार आहे’ असं लिहिलं तर काहीच जोडावं लागत नाही. काम लवकर उरकावं म्हणून एजंट वीस वर्षं चालत आलेल्या दुकानासाठीही बिनदिक्कत दुसरा पर्याय निवडतो आणि मालक न वाचता सही करतो. पुढे कधी वाद उभा राहिला की समोरचा वकील मालकाला पहिल्यांदा हाच रकाना वाचायला लावतो.